फोन चार्जिंगला लावलाय

मच्छिंद्रचा पोरगा राम कॉलेजात गोळी लागून मेला, हे सगळ्या गावाला दुपारी दीडच्या सुमाराला कळलं. कळलं नाही ते एकट्या मच्छिंद्रला. बातमी खोटी होती, पण ती खोटी आहे हेही त्या वेळी गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

मच्छिंद्र तेव्हा कांद्याच्या चाळीत बसला होता. भाद्रपदातल्या दमट हवेनं साठवलेला कांदा सडायला लागतो. एक सडला की शेजारचे चार घेऊन जातो, म्हणून रोज बसून निवडावा लागतो. हे काम दोघांचं. एकानं उपसायचं, एकानं निवडायचं आणि मधून मधून बोलायचं. गोजरबाई होती तोवर बोलण्याचं काम तिच्याकडं होतं. तिला जाऊन आता चौदा महिने झाले होते. मच्छिंद्र एकटाच उपसायचा, एकटाच निवडायचा, आणि दिवसभरात तोंडातून शब्द निघालाच तर तो गाईपाशी.

पहिल्यांदा आला तो शेजारचा ज्ञानेश्वर. मच्छिंद्रहून दहा-बारा वर्षांनी लहान, मळा लागूनच. म्हणाला, "तात्या, तुमचा मोबाईल द्या जरा. माझ्याची बॅटरी उतरली." मच्छिंद्रनं दिला. ज्ञानेश्वर घरात गेला आणि हात हलवत परत आला.

"चार्जिंगला लावलाय," तो म्हणाला. "एकच कांडी राहिली हुती त्यात."

मच्छिंद्रला त्यात वावगं वाटलं नाही. त्या फोनवर तसंही कुणाचं काही येत नव्हतं. राम कॉलेजातून महिन्यातून एकदा फोन करायचा. "जेवलात का," विचारायचा, "गाई बऱ्या हायेत का," विचारायचा, आणि ठेवून द्यायचा.

मग लंकाबाई आली. नात्यानं भावजय, मोठ्या चुलतभावाची बायको. पदराखाली ताट झाकून आणलं होतं. मच्छिंद्र अकरालाच शिळी भाकरी खाऊन बसला होता, तसं त्यानं सांगितलं. ती ऐकेना. म्हणाली, "भाऊजी, चार घास खा. गरम हाय तोवर खा." समोर बसून तिनं भाकरी मोडून दिली. चौदा महिन्यांत त्याला कुणी भाकरी मोडून दिली नव्हती. पोट भरलेलं असताना तो अर्धी जास्त खाऊन गेला.

तो खात असताना माणसं यायला लागली. एकजण कांद्याला काय भाव चाललाय ते विचारायला आला. दुसरा गाय बघायला आला, पण गाईकडं गेलाच नाही. बघता बघता चाळीत सात-आठ माणसं बसली आणि बसल्याबसल्या कांदे निवडायला लागली. तीन दिवसांचं काम तासाभरात उरकायला आलं. मच्छिंद्र मनातून सुखावला. त्याला वाटलं, माणसं इतकी वाईट नसतात, आपणच कुणाकडं जात नाही. बोलायची सवय मोडली होती, तरी त्यानं जुनी एक गंमत काढली. गोजरबाई एकदा बाजारात गेली होती आणि दुसऱ्याच कुणाची पिशवी उचलून घरी आली होती, उघडून बघते तर आत वस्तरा आणि दाढीचा साबण. "म्हणली, देवाचीच मर्जी दिसती, करा आता रोजच्या रोज."

कुणी हसलं नाही. ज्ञानेश्वर तोंड फिरवून उठला आणि बाहेर गेला. मच्छिंद्रला वाईट वाटलं. मेलेल्या बायकोची गंमत सांगायला नको होती, असं वाटून त्यानं पुढचा कांदा उचलला.

थोड्या वेळानं बाहेर ट्रॉलीचा आवाज आला. त्यानं चाळीच्या पट्ट्यांमधून बघितलं. अंगणात उभी असलेली रिकामी ट्रॉली चार माणसं ढकलत कडेला नेत होती. एकजण पाण्याची टाकी सरकवत होता. वाटेतला दगड कुणीतरी उचलून बांधावर टाकला. अंगण मोकळं झालं.

अंगण कशासाठी मोकळं करतात, हे मच्छिंद्रला ठाऊक होतं. अँब्युलन्सला वळायला जागा लागते.

त्यांच्या गावात मरणाची बातमी घरच्याला लगेच सांगत नाहीत. आधी म्हणायचं, छोटा ॲक्सिडेंट झालाय. मग म्हणायचं, सिरीयस हाय. तोवर त्याला खाऊ घालायचं, कारण नंतर दोन दिवस तो खाणार नसतो. फोन काढून घ्यायचा. टीव्ही लावू द्यायचा नाही. पाव्हणे जमू द्यायचे. आणि गाडी फाट्यावरून गावाकडं वळली, की मग एकानं जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायचा. तितके तास तरी माणसाला सुखाचे मिळतात, असं सगळ्यांचं म्हणणं. हे काम नीट जमणारी माणसं गावात दोन-तीनच, आणि त्यांतला एक मच्छिंद्र. खालच्या आळीत एका बापाबरोबर त्यानं सहा तास पत्ते खेळून काढले होते. तिसऱ्या डावाला तो बाप जिंकला तेव्हा मच्छिंद्रनं त्याची पाठही थोपटली होती.

आणि गोजरबाई गेली तेव्हा रामच्या बाबतीतही त्यानं हेच केलं होतं. ती दुपारी वावरात कोसळली, दवाखान्यात नेईपर्यंत संपली. दुसऱ्या दिवशी रामचा पेपर होता. मच्छिंद्र म्हणाला, पोराला कळवू नका, वर्ष वाया जाईल. स्वतःचा फोन त्यानं बंद करून ठेवला. संध्याकाळी जाळून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर ज्ञानेश्वर मोटरसायकल घेऊन त्याला आणायला गेला आणि ठरल्याप्रमाणं म्हणाला, आई सिरीयस हाय. पण गावच्या फाट्यावर बजरंगनं सकाळीच फ्लेक्स लावला होता, त्याची आठवण कुणालाच राहिली नव्हती. आईचा हसरा फोटो आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. रामला आई गेल्याचं त्या फ्लेक्सनं सांगितलं.

राम रडला नाही, भांडला नाही. राखेपाशी उभा राहून एवढंच म्हणाला, "आबा, पेपर परत देता आला असता." त्यानंतर तो सणावाराला घरी यायचा कमी झाला. गेल्या दिवाळीत तर त्याच्या अर्णव नावाच्या दोस्ताकडं, संगमनेरला राहिला. अर्णवच्या वडिलांनी रीत म्हणून मच्छिंद्रला फोन केला होता. मुलगा आमच्याकडे आहे, काळजी करू नका, फार गुणी आहे, असं सांगितलं होतं. आपल्या पोराचा गुण दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मच्छिंद्र "व्हय, व्हय" एवढंच म्हणू शकला होता.

आता चाळीत बसून त्यानं हिशेब केला. त्याच्या घरात मरायला दोनच माणसं शिल्लक होती. त्यातला एक इथं कांदे निवडत होता.

त्यानं लगेच विचारलं नाही. हातातला कांदा बघितला, चांगला होता, चांगल्यात टाकला. दुसरा घेतला. विचारलं नाही तोवर राम जिवंत होता. आजूबाजूला आठ माणसं होती, आठांनाही ठाऊक होतं, आणि प्रत्येकजण कांद्याकडं बघत होता. मच्छिंद्रला वाटायचं, आपण माणसाला हे तास सुखाचे देतो. आज पहिल्यांदा तो पलीकडं बसला होता. इतकं एकटं त्याला बायको जळताना वाटलं नव्हतं, रिकाम्या घरात वाटलं नव्हतं.

"ज्ञानेश्वर, फोन आण माझा."

"चार्जिंगला लावलाय तात्या. होऊ द्या की जरा."

"लाईट सकाळधरनं न्हाई."

लंकाबाईनं पदर तोंडाला लावला.

"रामला काय झालं?"

ज्ञानेश्वर आत येऊन जवळ उकिडवा बसला. "कॉलेजच्या गेटवर फायरिंग झालं तात्या. दोन टोळक्यांची भांडणं. गावठी कट्टा हुता कुणाकडं तरी. राम मधी सापडला. सिरीयस हाय."

"सिरीयस म्हणायला तुला मीच शिकवलंय," मच्छिंद्र म्हणाला. "नीट बोल."

"गेला तात्या."

लंकाबाईनं हंबरडा फोडला. बाहेर बायका थांबल्याच होत्या, त्यांनी साथ धरली. मच्छिंद्र मात्र बसल्या जागी बसून राहिला. रडू येत नव्हतं. कुणाच्या तरी मोबाईलवर बातमी लावलेली होती, तो त्यानं मागून घेतला. लाल पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरात रामचं नाव, गावाचं नाव, 'पारनेर तालुक्यावर शोककळा', आणि मोठा करून लावलेला रामचा फोटो. मच्छिंद्रनं तो जवळ धरून बघितला. रामच्या खांद्याला लागून, फोटोच्या कडेला, हिरव्या लुगड्याचा बोटभर काठ दिसत होता.

तो काठ त्याच्या ओळखीचा होता. दोन महिन्यांपूर्वी गोजरबाईच्या वर्षश्राद्धाचा फ्लेक्स केला होता, त्यात मायलेकांचा हा फोटो होता. बजरंगनं आई कापून पोरगा ठेवला होता.

"बजरंगला बोलवा," तो म्हणाला.

बजरंग अंगणातच होता. फाट्यावर त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि नगरच्या एका मोबाईल चॅनेलचा तालुक्याचा बातमीदारही तोच होता. काखेत गुंडाळी घेऊन तो आत आला. मच्छिंद्रनं विचारलं, बॉडी कुणी बघितली? बजरंग म्हणाला, चॅनेलवाल्यांचा फोन आला होता. गेटवर जो पोरगा पडला त्याच्या शेजारी मोटरसायकल होती. नंबर मोबाईलवर टाकला तर मालक म्हणून तुमचं नाव निघालं. त्यांनी मला विचारलं, या माणसाचा पोरगा या कॉलेजात आहे का. मी म्हणालो, आहे. त्यांनी फोटो मागितला. माझ्याकडं फाईल होती.

"बॉडी कुणी बघितली?" मच्छिंद्रनं परत विचारलं.

"बघितली असंल की कुणीतरी," बजरंग म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यानं त्याचा चेहरा पडला.

ज्ञानेश्वर तोवर पळत घरात गेला होता. फोन त्यानं पिठाच्या डब्यामागं लपवला होता. चालू करून तो त्यानं मच्छिंद्रच्या हातात दिला. त्याला पीठ लागलं होतं. मिनिटभर काही झालं नाही. मग तो वाजला. पडद्यावर रामचं नाव होतं.

मच्छिंद्रनं उचलून कानाला लावला.

"कोण बोलतंय?" पलीकडून रामच ओरडत होता. "कोण हाय? आबा कुठं हायेत?"

"मी बोलतोय."

पलीकडं राम रडायला लागला. आईच्या वेळी न रडलेला पोरगा आता लहान लेकरासारखा रडत होता. "फोन बंद हुता तुमचा," तो म्हणाला. "आईच्या टायमाला बी बंदच हुता. मला वाटलं, बातमी बघून तुमी..."

मच्छिंद्रनं त्याला रडू दिलं. मग तुटक तुटक जे कळलं ते असं. अर्णवला झेरॉक्स आणायला गेटवर जायचं होतं. तो रामची गाडी घेऊन गेला. भांडणाशी त्याचा काही संबंध नव्हता, तो गाडी स्टँडला लावत होता. पोलिसांनीही गाडीवरून रामचंच नाव लिहिलं होतं. रामनंच दवाखान्यात जाऊन सांगितलं, हा मी नाही, मी हा इथं उभा आहे.

"अर्णव गेला आबा. मी बघितला त्याला." मग आवाज उतरवून म्हणाला, "सर म्हणले, त्याच्या घरी आत्ताच कुणी कळवू नका. सिरीयस हाय म्हणून बोलवून घेतो त्यांना."

पोलिसांना जबाब द्यायचाय, रात्रीपर्यंत येतो, असं सांगून रामनं फोन ठेवला.

राम जिवंत आहे हे कळल्यावर अंगणात एकदम गलका झाला. ज्या बायका रडत होत्या त्याच डोळे पुसून हसायला लागल्या. लंकाबाईनं मच्छिंद्रच्या तोंडावरून हात उतरवून कडाकडा बोटं मोडली. मग तिची नजर बजरंगच्या काखेतल्या गुंडाळीवर गेली. तिनं ती ओढून सोडवली. चार बाय सहाचा फ्लेक्स, वर रामचं नाव, खाली शोकाकुल समस्त ग्रामस्थ. शाई अजून पुरती वाळलेली नव्हती.

"मेल्या, जित्या माणसासाठी तुझी इतकी घाई असती व्हय?" लंकाबाई म्हणाली. "तुझा बाप गेला तवा तर चार दिवस लागले हुते तुला बोर्ड लावायला."

माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, वाया कशाला घालवायचा, कांद्यावर झाकायला होईल. लंकाबाईनं चुलीवर चहा ठेवला. बजरंग कोपऱ्यात उभा राहून चॅनेलला फोन लावत होता. ते म्हणाले, पहिली बातमी लाखभर लोकांनी बघितली आहे, ती काढता येणार नाही, खाली दुरुस्ती टाकू.

चहा संपला आणि माणसं उठली. एकाला डेअरीत दूध घालायचं होतं, एकाला जनावरांना पाणी पाजायचं होतं. ज्याचा पोरगा जिवंत आहे त्याच्यापाशी किती वेळ बसणार. मेला होता तोवर सगळ्यांना दिवसभर वेळ होता. पंधरा मिनिटांत अंगण रिकामं झालं. ट्रॉली कडेलाच राहिली, ती परत जागेवर आणायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ज्ञानेश्वर शेवटी गेला. जाताना म्हणाला, "तात्या, माफ करा. आमी आपलं चांगल्यासाठीच केलं." मच्छिंद्र म्हणाला, "मला ठाऊक हाय."

तो चाळीच्या दारात येऊन बसला. ऊन उतरलं होतं. राम जिवंत होता, रात्री घरी येणार होता. आनंद व्हायला पाहिजे होता आणि झालाही होता, पण तो वाटून घ्यायला कुणी नव्हतं. गोजरबाई असती तर तिनं आत्ता साऱ्या मळ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बजरंगची आई-माई काढली असती. आणि मग मच्छिंद्रजवळ येऊन हळूच विचारलं असतं, त्या दुसऱ्या पोराच्या आईला कुणी सांगितलं का?

फोन वाजला. नंबर संगमनेरचा होता, दिवाळीपासून नाव टाकून ठेवलेला. मच्छिंद्रनं तो तीन वेळा वाजू दिला.

"मच्छिंद्रराव, मी शामकांत. अर्णवचा बाबा." आवाज घोगरा झाला होता. "मघापासून लावतोय, तुमचा फोन बंद लागत होता. साहजिकच आहे म्हणा. मी बातमी पाहिली. काय बोलावं मला कळत नाही. राम आमच्याकडे आठ दिवस राहिला होता. रोज सकाळी उठून अंगण झाडायचा, आम्ही नको म्हटलं तरी. अर्णवची आई, नीलांबरी, तर म्हणायची..." ते थांबले. "अर्णव फोन उचलत नाहीये. तुमच्या रामजवळच बसला असेल. तुमची भेट झाली, तर त्याला म्हणावं, तुम्हाला सोडून कुठे जाऊ नकोस. दहनाला थांब. मीही निघतोच आहे."

फोन ठेवून देणं सोपं होतं. काही वेळानं कॉलेजचे सर फोन करतीलच आणि काय सांगायचं ते सांगतील. तो माणूस गाडीत बसेल, दोन तास रस्त्यानं येईल, आणि दोन तास त्याचा पोरगा जिवंत असेल. पण तो बातमी बघणारा माणूस होता. खालची दुरुस्ती त्याला रस्त्यातच, गाडीत बसल्याबसल्या दिसेल.

"सर, तुमच्याजवळ कोण हाय?"

"कुणी नाही. नीलांबरी बहिणीकडे गेलीय, निरोप धाडलाय तिला. का हो?"

"खाली बसा तुमी."

"बसलोय."

"सर, राम हाय. जिता हाय. बातमी चुकीची हुती. गाडी आमची हुती, पर गाडीवर राम नव्हता. तुमचा अर्णव हुता."

शामकांत अगदी हळू, शाळेतल्या पोरानं विचारावं तसं म्हणाले, "म्हणजे... सिरीयस आहे का तो?"

शब्द त्यांनीच हातात दिला होता. नुसतं "व्हय" म्हटलं की झालं असतं.

"न्हाई सर," मच्छिंद्र म्हणाला. "गेला तो. रामनं सोताच्या डोळ्यानं बघितलंय. तुमच्यापासून लपवायचं न्हाई म्हणून सांगतो."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. थोड्या वेळानं दुसरी झाली. गॅस बंद करायला कुणी उठलं नाही.

"मी हाय सर," मच्छिंद्र म्हणाला. "फोन ठिवत न्हाई."

तिसरी शिट्टी झाली. मच्छिंद्रनं फोन कानापासून जरा बाजूला धरून बघितलं. आता खरंच एकच कांडी राहिली होती, आणि लाईट अजून आली नव्हती. त्यानं तो परत कानाला लावला, आणि रिकाम्या अंगणाकडं बघत, थोड्या थोड्या वेळानं, "हाय मी," एवढंच म्हणत राहिला.